आहेराची लेन्स

उमरग्याच्या जुन्या बाजारपेठेत जैनोद्दीनभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवरचा रंग उडाला आहे आणि पाटी वाचून आत येणारं गिऱ्हाईकही आता फारसं उरलेलं नाही. जे येतात ते कधीतरी बापाचं बोट धरून इथं येऊन गेलेले असतात. न्हावी, सोनार आणि फोटोवाला बदलायचा नसतो, अशी या भागात एके काळी समजूत होती. त्यातले न्हावी आणि सोनार लोकांनी केव्हाच बदलले. फोटोवाला बरीच वर्षं टिकला, आणि त्याला कारण जैनोद्दीनभाईंचा स्वभाव.

स्वभाव म्हणजे काय, तर छापलेल्या शब्दाला मान द्यायचा आणि दर एकच ठेवायचा. दराचा कागद काचेखाली भिंतीवर लावलेला. कागद, रसायनं महागली की तो बदलायचा, एरवी नाही. बाजार समितीतला हमाल आला तरी तोच दर आणि आमदारकीला उभा राहिलेला माणूस आला तरी तोच. घासाघीस करणाऱ्याला ते चहा पाजत, पण रुपया सोडत नसत. माणूस बघून दर लावला तर तो तोंडाचा फोटो राहत नाही, खिशाचा फोटो होतो, असं त्यांचं म्हणणं. धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा होता आणि त्यांच्या बायकोनं, ताहेराबींनी, तो त्यांना अनेकदा समजावून सांगितला होता.

जळकोटचे ज्ञानोबा अण्णा या वेडेपणामुळेच त्यांना कायमचे जोडले गेले. अण्णा मोठे शेतकरी, माणूस तिखट, कुणाचा मिंधेपणा पत्करायचा नाही असा. त्यांची धाकटी बहीण उमरगा तालुक्यातल्या एका गावात दिलेली होती. त्र्याण्णवच्या भूकंपात ते घर खाली आलं, बहीण गेली आणि ट्रंकेतला लग्नाचा अल्बमही मातीत गेला. काही दिवसांनी अण्णा स्टुडिओच्या दारात येऊन उभे राहिले. बहिणीच्या लग्नाचे फोटो जैनोद्दीनभाईंनीच काढले होते. त्यांच्याकडे प्रत्येक लग्नाच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात, वर नाव-गाव लिहून जपलेल्या असत. त्यांनी डबा शोधला, अंधाऱ्या खोलीत गेले आणि ओला फोटो चिमट्यात धरून बाहेर आले. मुंडावळ्या बांधलेली पोर हसत होती.

अण्णांनी बराच वेळ फोटो बघितला आणि मग पैसे किती म्हणून विचारलं. जैनोद्दीनभाईंनी भिंतीवरचा दर सांगितला.

घरी गेल्यावर ताहेराबी त्यांच्यावर तुटून पडल्या. अशा माणसाकडून पैसे घेतलेच कसे, हात कसा पुढं झाला, म्हणून. जैनोद्दीनभाई एवढंच म्हणाले की फुकट दिलं की ती भीक होते, आणि बहिणीचं तोंड कुणी भीक म्हणून नेत नाही. अण्णांना हे न सांगता कळलं होतं. त्या दिवसानंतर त्या घरातलं बारसं असो, वास्तुशांत असो की दहावीच्या परीक्षेचा पासपोर्ट फोटो असो, दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यासमोर त्या घरातलं माणूस उभं राहिलं नाही.

आता लेन्सचं. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात जैनोद्दीनभाईंनी हैदराबादेत शरणप्पा नावाच्या विक्रेत्याकडून एक परदेशी लेन्स हप्त्यानं घेतली होती. शरणप्पा मूळचा बसवकल्याणचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. खोक्यात एक कार्ड होतं. नाव-पत्ता भरून कंपनीला पाठवा, असं त्यावर छापलेलं. आपल्याकडे असली कार्डं लोक खोक्यासकट माळ्यावर टाकतात. पण छापलेल्या शब्दाला मान देणारा माणूस! त्यांनी ते भरलं, परदेशी टपालाचं तिकीट लावलं आणि टाकलं पोस्टात. शरणप्पा नंतर सांगायचा की इतक्या वर्षांत त्याच्या गिऱ्हाइकांपैकी एकानंच ते कार्ड पाठवलं, आणि तेही उमरग्याहून.

त्या कार्डाला बावीस वर्षांनी फळ आलं. कंपनीनं कसल्याशा सोहळ्यानिमित्त एक लेन्स काढली. जगात मोजून काही शेच नग निघणार. पितळी कडं, कड्याच्या खाली प्रत्येक नगाचा क्रमांक, आणि विकायची फक्त नोंद असलेल्या जुन्या गिऱ्हाइकाला. जैनोद्दीनभाईंना तसं पत्र आलं. किंमत वाचून ते हसले, कारण तेवढ्या पैशांत स्टुडिओतलं सगळं सामान दोनदा आलं असतं. नाकापेक्षा मोती जड, म्हणून त्यांनी पत्र गल्ल्यात ठेवलं आणि अण्णा आले तेव्हा गंमत म्हणून दाखवलं. बघा अण्णा, विलायतेत आपल्याला जुनं गिऱ्हाईक म्हणतात.

अण्णांना त्यात गंमत दिसली नाही. कुण्या परक्या मुलखातल्या कंपनीनं आपल्या माणसाची निष्ठा ओळखली आणि आपण मात्र चहा पिऊन उठतो, हे त्यांच्या मनाला लागलं. अमरसिंहाला, म्हणजे नातवाला, इंग्रजी वाचायला देतो, असं सांगून ते पत्र घेऊन गेले. त्या साली ऊस चांगला झाला होता. अण्णांनी थेट हैदराबाद गाठलं, शरणप्पाच्या पुढ्यात पत्र ठेवलं, जैनोद्दीनभाईंशी फोनवर दोन शब्द बोलायची शरणप्पाची इच्छा उडवून लावली आणि लेन्स घेऊन उमरग्यात उतरले.

इथपर्यंत सगळं सोन्यासारखं होतं. पण बसस्टँडवरून स्टुडिओकडे येताना वाटेत धोंडीबाचं भांड्यांचं दुकान लागतं.

आपल्याकडे आहेराचं भांडं नाव टाकल्याशिवाय देत नाहीत. पेला असो की हंडा, कुणाकडून कुणाला हे त्यावर आलंच पाहिजे. बिननावाचा आहेर म्हणजे हौस नसलेला आहेर. शिवाय फोटोच्या दुकानात दहा माणसं येणार-जाणार, वस्तू महागाची, कुणी बदलली तर ओळखायची कशावरून? अण्णांनी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि लेन्स धोंडीबाच्या हातात दिली. धोंडीबानं नाव टाकायचं मशीन सुरू केलं आणि पितळी कड्यावर गोल फिरवत, अगदी रेखीव अक्षरात कोरलं: जैनोद्दीनभाई यांस आहेर, ज्ञानोबा, जळकोट.

स्टुडिओत चार माणसं बसलेली असताना अण्णांनी टॉवेल, टोपी, नारळ आणि वर ती लेन्स असा आहेर केला. जैनोद्दीनभाईंनी कड्यावरची अक्षरं बघितली आणि पुन्हा एकदा वाचली. असल्या वस्तू घेणारे दोन प्रकारचे असतात, हे शरणप्पानं त्यांना कधीच सांगितलेलं होतं. एक फोटो काढणारे आणि दुसरे पेटीत ठेवणारे. भाव चढतो तो पेटीत ठेवणाऱ्यांमुळे, आणि त्यांना साधा ओरखडासुद्धा चालत नाही. इथं तर पुरतं वाक्य कोरलेलं होतं. लाखाचे बारा हजार, ते असे. अण्णा मात्र पोराचं लग्न नुकतंच लावून आलेल्या वरबापासारखे सगळ्यांकडे बघत होते.

"लई देखणं झालं, अण्णा," जैनोद्दीनभाई म्हणाले.

मला विचाराल तर ते आयुष्यात जे थोडं खोटं बोलले असतील, त्यातलं हे पहिलं. आणि मजा अशी की पुढं ते खरंच ठरलं. त्या लेन्सचा फोकस हातानं कडं फिरवून साधायचा होता. जैनोद्दीनभाईंचा अंगठा हळूहळू त्या अक्षरांना सरावला. अंगठ्याखाली 'ज्ञा' आला की समोरचा माणूस हाताच्या अंतरावर आहे, 'बा' आला की नवरा-नवरी जोडीनं येतात, आणि 'ट'पर्यंत गेलं की सगळा मांडव स्पष्ट. कड्याकडे न बघता, डोळा माणसाच्या चेहऱ्यावरून न हलवता ते फोटो काढू लागले. तालुक्यातली कितीतरी लग्नं, कितीतरी म्हातारे, कितीतरी नामकरणं त्या नावाखालून गेली. पेटीत ठेवणाऱ्यांना हे सुख मिळत नाही.

मग दिवस पालटले. ड्रोन आले, लग्नाआधीच नवरा-नवरीला नळदुर्गच्या किल्ल्यात पळवणारे फोटोवाले आले. जैनोद्दीनभाईंची मुलगी मेहनाज संगणकावर बसून सगळं शिकली होती, कामात बापापेक्षा सरस होती, पण लोकांना सोलापूरचं नाव हवं होतं. गेल्या वर्षी अमरसिंहाचं लग्न झालं. जैनोद्दीनभाईंना पत्रिका आली, अण्णांचा निरोप आला, गाडीसुद्धा आली. फोटोचं काम मात्र सोलापूरच्या पार्टीला दिलेलं होतं. ते मांडवात पाहुण्यांच्या रांगेत बसले. कॅमेरा नसताना लग्नात हात कुठं ठेवायचे असतात, हे त्यांना त्या वयात कळेना. अण्णा तोवर काचबिंदूनं आंधळे झाले होते. त्यांनी हात धरून शेजारी बसवून घेतलं, पण त्या विषयावर दोघंही बोलले नाहीत. घरात आता अण्णांचं चालत नव्हतं, हे उघड होतं, आणि त्या माणसाला ते बोलायला लावणं हे पाप झालं असतं.

या वर्षी दुकानाच्या मालकाची मुलं जागा विकायला निघाली. जुना भाडेकरू म्हणून पहिला हक्क जैनोद्दीनभाईंचा. दिवाळीपर्यंत पैसे उभे केले तर जागा त्यांची, नाही तर तिथं मोबाइलचं दुकान येणार. दुकान गेलं तर पोटाचं काहीतरी झालं असतं, मेहनाज घरात बसूनही काम करू शकली असती. खरा प्रश्न मागच्या खोलीचा होता. तिथं भिंतभर बिस्किटांचे डबे होते. चाळीस वर्षांतली तालुक्याची तोंडं. कित्येक घरांत आता त्या माणसांचा दुसरा फोटो नाही. भाड्याच्या दोन खोल्यांच्या घरात ते डबे मावणार नव्हते, आणि कुणाकडे ठेवायला दिले तर उंदीर आणि ओल यांच्याच स्वाधीन करायचे. जैनोद्दीनभाई रोज दुपारी त्या खोलीत जाऊन उगीचच उभे राहायचे.

मेहनाजनं लेन्सची आजची किंमत शोधून काढली. ती ऐकून ताहेराबी खालीच बसल्या. जागा येऊन वर उरतील एवढे पैसे. मेहनाजनं उत्साहानं लेन्सचे फोटो विकणाऱ्यांच्या एका साइटवर टाकले, आणि संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. नाव कोरलेला नग कुणाला नको. एकानं पाव किमतीत मागितला. एकानं नुसतंच विचारलं की हा मूर्खपणा कुणी केला. मेहनाजनं ते बापाला दाखवलं नाही, पण बापानं ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं.

उपाय शरणप्पानं काढला. म्हातारा अजून दुकानात बसत होता. कंपनीकडे त्या लेन्सची सुटी कडी शिल्लक होती, मात्र कडं मिळणार पहिल्या नोंदीतल्या गिऱ्हाइकालाच. तेव्हाचं कार्ड पुन्हा कामाला आलं. नवं कडं बसलं की लेन्स जवळपास पूर्ण किमतीला जाईल, घेणारा त्याच्याकडे तयार होता. एकच अट होती. नगांची संख्या कायम राहावी म्हणून जुनं कडं कंपनीला परत द्यायचं, आणि ते तिकडं वितळवलं जातं. जैनोद्दीनभाईंनी विचारलं, ते कडं मला ठेवता येणार नाही का? शरणप्पा म्हणाला, कडं ठेवलंत तर नवं मिळणार नाही. त्यानं नवं कडं मागवूनच टाकलं, महिन्याभरात ते हैदराबादेत येऊन पडलं आणि त्याचे फोन सुरू झाले.

जैनोद्दीनभाई हो म्हणेनात. आहेराचं भांडं मोडीत काढत नाहीत. काढायचीच वेळ आली तर देणाऱ्याच्या कानावर घालावं, ही रीत. पण कानावर घालायचं म्हणजे सांगायचं काय? की अण्णा, तुमचं नाव आहे म्हणून वस्तूला भाव नाही? डोळे गेलेल्या, घरात शब्द न उरलेल्या माणसाला हेसुद्धा ऐकवायचं? न सांगता परस्पर बदलावं तर ती चोरीच झाली. ताहेराबी म्हणाल्या की त्यांना दिसत तर नाही, कळणार कसं? त्यावर जैनोद्दीनभाई त्यांच्यावर ओरडले, आणि ते सहसा ओरडत नसत.

दसऱ्याच्या सुमारास जळकोटहून निरोप आला. अण्णांना फोटो काढून घ्यायचा होता. जैनोद्दीननंच यावं आणि माझीच लेन्स आणावी, असं सांगितलं होतं. कसला फोटो ते निरोप्यानं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. म्हातारी माणसं एका वयात भिंतीवरच्या फोटोची तयारी स्वतःच करतात.

जैनोद्दीनभाई एस.टी.नं गेले. अण्णा पांढराशुभ्र फेटा बांधून ओसरीत खुर्चीवर बसले होते. द्वारकाबाई, म्हणजे अण्णांच्या बायको, वारल्या तेव्हाचा भिंतीवरचा फोटो जैनोद्दीनभाईंचाच होता, आणि शेजारी एक खिळा आधीच ठोकून ठेवलेला होता. अमरसिंह पाण्याचा तांब्या ठेवून आत गेला. त्याला नजर द्यायला जड जात होतं. अण्णांनी हात पुढं केला आणि लेन्स मागितली. ती हातात आल्यावर त्यांनी अंगठ्यानं कडं चाचपलं, नाव सापडलं, आणि ते अक्षराअक्षरावरून अंगठा फिरवत गेले. कुणी बोट ठेवून पोथी वाचावी तसे. शेवटच्या अक्षरावर थांबले.

"अमर म्हणायला हुता, ह्याची किंमत लई चढलीय."

जैनोद्दीनभाईंनी कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवली.

"आन् माझ्या नावापायी उतरलीय. त्यानं फोनवर बघितलंय. लोकं हसायलेत म्हणं. खरं का?"

खोटं बोलायचं झालं तर बोलता आलं असतं. एकदा बोललेलंच होतं. पण आंधळ्या माणसाच्या तोंडावर ते जमेना.

"खरं हाय, अण्णा."

"तुला कवा कळलं?"

"तुमी दिलं त्याच दिवशी."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी चार मानसांत आहेर केला. एवढे खूष हुता. आन् अण्णा, म्या देखणं झालं म्हणलो ते नंतर खरंच झालं. ह्या नावावर अंगठा ठिवूनच म्या सगळे फोटो काढलेत. नाव नसतं तर ती निस्ती महागाची काच."

अण्णा मान खाली घालून बसले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते लपवत नव्हते. एवढ्या वर्षांचा अभिमान, आणि लोक त्याला मूर्खपणा म्हणतात, हे पचवायला वेळ लागतो. मग त्यांनी दुकानाचं विचारलं. जैनोद्दीनभाईंनी सगळं सांगितलं: मालकाची मुलं, दिवाळीची मुदत, हैदराबादेत येऊन पडलेलं कडं. जुनं कडं परत पाठवावं लागतं आणि कंपनी ते वितळवते, हेही सांगितलं, कारण अर्धं सांगण्यात अर्थ नव्हता.

"म्हंजी माझं नाव ईलायतेला चाललं म्हणायचं," अण्णा म्हणाले आणि हसले. हसता हसता ठसका लागला. पाणी प्यायले. लेन्स अजून त्यांच्या मुठीत होती.

"जैनोद्दीन, माझ्या बहिणीचं तोंड तुझ्या डब्यात हाय?"

"हाय."

"दुकान गेलं तर ती दुसऱ्यांदा जाईल." अण्णांनी अंगठा नावावरून उचलला. "नाव काढ. दिलेल्या आहेरावर देणाऱ्याचा हक्क नसतो. म्या दिला तो तुझं दुकान चालावं म्हणून. चालव."

जैनोद्दीनभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांना ते दिसत नव्हतं याचं त्यांना त्या क्षणी बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. सोलापूरच्या पार्टीचा सल मनात होता, तो कुठं गेला कळलं नाही. एवढ्या किमतीच्या वस्तू त्यांनी फार थोड्या बघितल्या होत्या, आणि त्यातली सगळ्यांत महागाची आत्ता ऐकलेली होती. कंपनीनं वस्तू थोडी काढली म्हणून ती महाग झाली. त्या हिशेबानं अण्णांच्या बहिणीच्या फोटोला काय किंमत लावावी लागली असती? तिचं तोंड तर जगात त्या एकाच डब्यात उरलं होतं. तो फोटो त्यांनी भिंतीवरच्या दरानं दिला, आणि अण्णांनी तो पैसे मोजून घेतला. व्यवहार तिथंच संपला असता, पण तो संपला नाही.

मग त्यांनी फोटो काढला. अण्णांना उजेडाकडे तोंड करून बसवलं, फेट्याचा शेमला नीट केला. कडं फिरवत 'ज्ञा'वर अंगठा आणला. अण्णांनी विचारलं, कुठल्या अक्षरावर हायेस? जैनोद्दीनभाईंनी सांगितलं, तुमच्या नावाच्या पहिल्या. अण्णांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि त्यांनी तेवढंच टिपलं. दुसरा फोटो काढला नाही.

पुढच्या आठवड्यात ते हैदराबादला गेले. शरणप्पानं त्यांच्यासमोरच जुनं कडं उतरवलं आणि कागदाच्या पुडीत गुंडाळलं. जैनोद्दीनभाईंनी पुडी एकदा मागून घेतली, उघडली, अंगठा फिरवला आणि परत दिली. नवं कडं गुळगुळीत होतं. घेणारा माणूस पांढरे हातमोजे घालून आला, लेन्स पेटीत ठेवली आणि पेटी मिटली. तिनं आता कुणाचं लग्न बघायचं नव्हतं. दिवाळीच्या आधी जागेचं खरेदीखत झालं, मागच्या खोलीला मेहनाजनं लोखंडी मांडण्या करून घेतल्या, आणि डबे जमिनीवरून वर गेले.

अण्णा मार्गशीर्षात गेले. ठोकून ठेवलेल्या खिळ्यावर तो फोटो चढला. जैनोद्दीनभाई मातीला गेले, खांदा दिला, परत आले आणि काही दिवस दुकानात नुसतेच बसून राहिले. दुसऱ्या लेन्सनं काम करताना त्यांचा अंगठा कड्यावर काहीतरी शोधायचा आणि चुकायचा. फोटो धूसर यायचे. मेहनाज काही न बोलता ते पुन्हा काढायची.

एक दिवस ते उठून धोंडीबाकडे गेले. म्हाताऱ्याला नीट उभंही राहता येत नव्हतं, पण मशीन तेच होतं. त्याला त्यांनी दुकानात आणलं, आणि काउंटरच्या कडेला जी पितळी पट्टी होती, तिच्यावर, गिऱ्हाईक टेकतं तिथं, हवं ते कोरून घेतलं. धोंडीबानं शब्द विचारले नाहीत. त्याला ते पाठ होते.

वर्षश्राद्धाच्या आधी अमरसिंह आला. आत्याला, काकांना, सगळ्यांना आजोबांचा तोच फोटो हवा होता. मोठा करून, चौकट घालून. त्यानं दर विचारला. जैनोद्दीनभाईंनी भिंतीकडे बोट केलं. सोलापूरला याच्या तिप्पट लागले असते, असं तो ओशाळून म्हणाला आणि काउंटरला टेकला. तेव्हा त्याच्या हाताला अक्षरं लागली. त्यानं वाकून वाचलं. जैनोद्दीनभाई यांस आहेर, ज्ञानोबा, जळकोट. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला, आजोबांनी फिरवला होता तसाच.

"काका, दुकान तर तुमी इकत घेतलंय ना?"

"इकत कुठं? आहेरात आलंय," जैनोद्दीनभाई म्हणाले, आणि फोटोचे पैसे त्यांनी भिंतीवरच्या दरानं घेतले.